खर्डा वाचून पाच जणांनी पाच गोष्टी सांगितल्या, आता कुणाचं ऐकायचं?

तुमचा प्रश्न बराच लांब आहे, म्हणून मला तो कसा समजला ते आधी सांगते. तुम्ही विट्याजवळचे. कादंबरीचा पहिला खर्डा तयार आहे, साधारण तीनशे पानांचा. येरळाकाठचं एक गाव, 1942 ते 1948 हा काळ, आणि बाळू नावाचा बारा वर्षांचा मुलगा, जो शेवटच्या प्रकरणात अठरा वर्षांचा होतो. छापायच्या आधी तुम्ही ती पाच जणांना वाचायला दिलीत. निवृत्त शिक्षक म्हणाले, इतिहास कच्चा आहे. कॉलेजात शिकणारी पुतणी म्हणाली, इतिहासच फार झाला, मी पानं उलटली. मित्र म्हणाला, हा पोरगा काही करतच नाही. चुलतभाऊ म्हणाला, अट्ठेचाळीसचं प्रकरण काढून टाक, आपल्याला गावात राहायचंय. आणि बायको म्हणाली, छान आहे. आता तुम्ही विचारताय की यातलं कुणाचं ऐकू, आणि सगळी पुन्हा लिहू का.

मी सांगलीत हस्तलिखितं वाचून शेरे देण्याचं आणि लेखकाबरोबर बसून ती मार्गी लावण्याचं काम करते. सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून येणाऱ्या खर्ड्यांत या जातीची कादंबरी फार असते. पोरगं किंवा पोरगी वयात येतेय आणि भोवती काहीतरी पेटलंय. कधी बेचाळीसचं आंदोलन असतं, कधी कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, नाहीतर मुंबईतला गिरणीसंप आणि गावी परतलेला बाप. त्यामुळे तुमच्या पाचही वाचकांना न भेटता मी ओळखते. प्रत्येक खर्ड्याला ते भेटतात, फक्त नाती बदलतात.

तुम्ही मतं माणसांनुसार लावलीत. शिक्षक असं म्हणाले, पुतणी तसं म्हणाली, आणि मग दोघांत बरोबर कोण याचा निवाडा करायला बसलात. तसा निवाडा कधी लागत नाही. ती पानांनुसार लावा. नशिबानं कुणी कुठल्या पानाबद्दल काय म्हटलं, हेही तुम्ही लिहिलंय. ते नीट पाहिलं तर शिक्षकांच्या पेन्सिलीच्या खुणा बहुतेक सगळ्या नव्वद ते एकशे तीस या पानांत आहेत. पुतणीनं उलटलेली पानंही जवळपास तीच. आणि मित्राची तक्रार नि चुलतभावाची भीती, दोन्ही शेवटच्या तीस पानांतल्या. म्हणजे पाच दिशांना ओढणारे पाच वाचक तुमच्याकडे नाहीतच. दुखतंय ते दोन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोघांनी बोट ठेवलंय.

पहिल्या ठिकाणापासून सुरू करते. शिक्षकांनी दाखवलेल्या चुका खऱ्या आहेत. धुळ्याच्या खजिन्याची लूट तुम्ही सांगलीच्या तुरुंगफोडीच्या आधी घातलीय. वसंतदादा पाटील सांगलीच्या तुरुंगातून निसटले ते जुलै 1943 मध्ये, आणि धुळ्याकडे चिमठाण्याजवळ खजिन्याची गाडी अडवली ती एप्रिल 1944 मध्ये. बाळूचा मामा 1943 साली ‘आपल्या सांगली जिल्ह्यात’ म्हणतो. तेव्हा हा जिल्हाच नव्हता. विटा, तासगाव, वाळवा, शिराळा हे सगळं सातारा जिल्ह्यात होतं. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि त्याचं नाव सांगली पडलं ते 1960 साली. बाजारातून दोन किलो गूळ आणलाय तोही शेरात मोजा. या सगळ्या दुरुस्त्या मुकाट्यानं करून टाका, एका बैठकीचं काम आहे. पण त्या केल्या म्हणून पुतणी ती पानं वाचेल असं समजू नका. तारखा बरोबर असलेली चाळीस पानंसुद्धा तिनं उलटलीच असती.

कारण त्या चाळीस पानांत बाळू नाहीच. तुम्ही प्रश्नाबरोबर जो उतारा दिलाय तो बघा : ‘7 जून 1943 रोजी तुफान सेनेच्या शूर वीरांनी शेणोलीजवळ रेल्वे अडवून इंग्रज सरकारला जबर हादरा दिला. हे ऐकून बाळूचा ऊर अभिमानानं भरून आला. आपणही देशासाठी काहीतरी केलं पाहिजे असं त्याला वाटू लागलं.’ तुफान सेना म्हणजे प्रतिसरकारचं लढाऊ दल, आणि प्रतिसरकार म्हणजे इंग्रजांना झुगारून साताऱ्यात भूमिगतांनी चालवलेलं समांतर सरकार. घटना खरी, तारीख खरी. पण हे बाळूला कुणी सांगितलं? कधी सांगितलं? सांगताना काय गाळलं? त्या दिवशी शेणोलीला कोण होतं, हे जवळच्या माणसांनाही कळू नये म्हणून जिथं सगळी धडपड चालली होती, तिथं तेरा वर्षांच्या पोराला तारीखवार बातमी मिळते. हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही पुस्तकं वाचलीत, गौरवग्रंथ चाळलेत, प्रतिसरकारचं ठाणं असलेल्या कुंडलला जाऊन आलात. तुमची माहिती तुम्ही पोराच्या खिशात घातलीत. शिक्षकांना म्हणून ती इतिहासाची पानं वाटली आणि त्यांनी ती इतिहासाच्या पेपरासारखी तपासली. पुतणीलाही ती इतिहासाचीच वाटली, म्हणून तिनं सोडली. दोघांची तक्रार एकच आहे.

अशा ठिकाणी मी लेखकाला एक काम देते. प्रत्येक मोठ्या घटनेपुढे समासात लिहायचं, त्या दिवशी या पोराला नेमकं काय दिसलं, काय ऐकू आलं आणि काय त्याच्यापासून लपवलं गेलं. बस्स, एवढंच. पुष्कळदा तिसऱ्या रकान्यातच प्रकरण सापडतं. तुमच्यासाठी मी कादंबरी लिहू नये, पण मला काय म्हणायचंय ते दाखवायला दोन-चार ओळी :

‘आईनं त्या दिवशी परातभर पीठ मळलं. म्या इचारलं, पाव्हणं येणार हाईत काय? ती म्हणाली, गप जेव. रात्री उठून बघतो तर टोपल्यात भाकरी न्हाईत, आणि पाव्हणंबी कुणी आलं नव्हतं. पुढं फौजदार गावात आला, तवा आई भाकरीचं धडपं धूत बसली हुती. धुतलेलंच पुन्हा धूत हुती.’

यात शेणोली नाही, तुफान सेना नाही, सालसुद्धा नाही. पण वाचकाला कळतं. आणि महत्त्वाचं म्हणजे पोराला अर्धवट कळतं. वयात येण्याची गोष्ट त्या अर्धवट कळण्यावरच चालते. त्रेचाळीसला जे धडपं त्याला नुसतं धडपं वाटलं, त्याचा अर्थ चव्वेचाळीसला लागला आणि मग आईकडे बघायची नजर बदलली, हे झालं वाढणं. ऊर भरून येणं हे वाढणं नव्हे. तो कुठल्याही वयात भरून येतो.

याचा अर्थ इतिहास काढून टाका असा घेऊ नका. उलट तुम्ही चुकीचा इतिहास भरलाय आणि पोराला माहीत असणारा इतिहास सोडून दिलाय. तुमचं गाव कल्पित आहे, पण भोवतीचा मुलूख खरा आहे. त्या काळी विटा-तासगाव इंग्रजी अमलात, कुंडल आणि किर्लोस्करवाडी औंध संस्थानात, सांगली पटवर्धनांच्या संस्थानात. एका शिवारातून दुसऱ्या शिवारात गेलं की राज्य बदलायचं. भूमिगतांना याचा किती उपयोग झाला हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता गुरं राखणारा बारा वर्षांचा मुलगा ही हद्द पायांनी ओळखत असणार. कुठल्या बांधापलीकडे इंग्रजी पोलीस बिचकतो, कुठली पायवाट कुठल्या ओढ्यात उतरते. हे त्याला फौजदारापेक्षा जास्त कळतं. तुमच्या तीनशे पानांत ही हद्द एकदाही ओलांडली जात नाही! तसंच महायुद्ध. रॉकेलवर नि कापडावर कंट्रोल आलेलं, सातारा भागातली कितीतरी पोरं पलटणीत. गल्लीत एका घरी फौजेतल्या मुलाची मनीऑर्डर येतेय आणि शेजारच्या घरातला मुलगा त्याच सरकारविरुद्ध फरारी आहे. पोस्टमन दोन्ही दारांवरून जातो. हा इतिहास पुतणी वाचेल, माझी खात्री आहे. आणि प्रतिसरकारनं लावलेली गांधी लग्नं, म्हणजे साधी, बिनखर्चाची लग्नं, गावच्या न्यायमंडळापुढं मिटलेली भांडणं, यांना पोरं हमखास हजर असतात. ती दृश्यं तुम्ही दोन ओळींत उरकलीत. रेल्वेला चार पानं, लग्नाला दोन ओळी. हे उलटं करा.

हे फक्त बेचाळीसपुरतं नाही. बहात्तरच्या दुष्काळावरचा एक खर्डा माझ्याकडे होता, माण भागातली मुलगी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते असा. लेखकानं सरकारी आकडेवारी, किती मजूर, किती कामं, सगळं घातलेलं. आम्ही तो अशा चार-पाच बायांना वाचून दाखवला, ज्या स्वतः त्या कामांवर होत्या. आकडे चालू असताना एकजण भाजी निवडत होती, एकजण खिडकीतून बाहेर बघत होती. मग सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलेलं कोरडं खाणं, तिच्या वाटपाचं अर्धं पान आलं. मुलगी रांगेत उभी राहून आपल्या वाट्याची सुकडी फ्रॉकच्या ओच्यात घेते आणि घरी पोचेपर्यंत भावाचा वाटाही खाऊन टाकते. बाया एकदम बोलायला लागल्या, एकमेकींना तोडून. वाचन तिथंच थांबलं. त्या अर्ध्या पानावर लेखकानं नंतर पुढचं सगळं उभं केलं. वाचक काय म्हणतो यापेक्षा तो कुठं बोलायला लागतो नि कुठं गप्प होतो हे बघणं जास्त उपयोगी, असं माझं मत त्यामुळे पक्कं झालं.

शिक्षकांबद्दल अजून थोडं. आपल्या भागात बेचाळीस म्हणजे नुसता इतिहास नाही, घराची मालमत्ता आहे. कितीतरी घरांत आजोबांचं सन्मानपत्र चौकटीत लावलेलं असतं. असा वाचक तुमची कादंबरी उघडतो तो आपलं गाव शोधायला. ‘वडूजचा मोर्चा आहे, मग इस्लामपूरचा का नाही? वडूजला हुतात्मा झालेल्या वडगावच्या परशुराम घार्गेंचं नाव आहे, आमच्या तात्यांचं कुठंय?’ ही तक्रार तुमच्याकडे येणारच, पुस्तक आल्यावर तर भाषणांतून येईल. ती प्रेमानं ऐका आणि कादंबरीत काही करू नका. प्रत्येकाचं नाव घालायला गेलात तर हातात स्मरणिका उरेल. वडूजचा 9 सप्टेंबर 1942 चा गोळीबार आणि दुसऱ्या दिवशीचा इस्लामपूरचा, दोन्ही घेण्याची बाळूला गरज नाही. तो एका दिवशी एकाच ठिकाणी असू शकतो. फार तर एकाची बातमी दुसऱ्या गावात कशी पोचली ते येऊ द्या.

आता दुसरं ठिकाण, शेवटची तीस पानं. इथं मला जरा स्पष्ट बोलावं लागणार आहे.

चुलतभावाला भीती वाटते, ती खोटी नाही. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला, मारेकरी ब्राह्मण होता, आणि त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, कुटुंबं गावं सोडून पुण्या-मुंबईकडे गेली, आणि ज्या गावांत हे झालं त्या गावांत आजही त्यावर मोकळेपणानं बोललं जात नाही. तुम्ही तिथं राहता. मी सांगलीत बसून ‘धाडस करा’ म्हणणं सोपं आहे. म्हणून हे परिस्थितीवर अवलंबून आहे, असं आधीच कबूल करते. तुमच्या कल्पित गावामागं खरं गाव ओळखू येत असेल, आणि जळालेल्या घरामागं खरं घर, तर आडनाव, वाड्याची जागा, माणसाचा धंदा हे सगळं बदला. ओळख पुसूनही त्या घरातलं कुणी आज तुमच्या ओळखीत असेल, तर छापण्याआधी त्यांना प्रकरण वाचायला द्या. परवानगी मागायला म्हणून नव्हे. त्यांना ते बाजारात आयतं सापडू नये म्हणून. चुलतभाऊ शांत व्हावा म्हणून एखादा सज्जन शेजारी धावत आणून घर वाचवू मात्र नका. काही ठिकाणी शेजाऱ्यांनी आसरा दिला हे खरं आहे, पण तुमच्या गोष्टीत त्याची तयारी कुठंच नाही आणि वाचकाला ती मलमपट्टी लगेच दिसेल.

प्रकरण काढायचं का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण तुमच्या मित्राच्या तक्रारीत आहे. ‘पोरगा काही करत नाही’ हे त्यानं शेवटच्या भागाबद्दल म्हटलंय, लक्षात घ्या. बेचाळीस-त्रेचाळीसमध्ये बाळू काही करत नाही, याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. बारा वर्षांचा आहे, काय करणार? पण अट्ठेचाळीसला तो अठरा वर्षांचा आहे. ज्या गुरुजींनी घरी बसवून त्याची सातवीच्या फायनल परीक्षेची तयारी करून घेतली, त्यांचंच घर जळतं. आणि त्या दिवशी बाळू कुठं असतो? मळ्यात, तापानं फणफणलेला. दुसऱ्या दिवशी येतो, राख बघतो, रडतो आणि मुंबईची गाडी धरतो.

आपल्याकडच्या कादंबऱ्यांतल्या नायकांना मोक्याच्या दिवशी ताप फार येतो. मी हा ताप इतक्या वेळा बघितलाय की आता थर्मामीटर घेऊनच बसते. लेखकाला आपला नायक आवडायला लागलेला असतो. त्याला जमावात उभं करवत नाही आणि जमावासमोरही उभं करवत नाही, म्हणून त्याला अंथरुणात टाकतात. मित्राला हे शब्दांत सांगता आलं नाही, त्याला एवढंच जाणवलं की इथं कुणीतरी काहीतरी टाळतंय. त्यानं ते बाळूवर ढकललं. टाळताय तुम्ही.

बाळूला गावात आणा. तो काय करतो हे मी सांगणार नाही, ते तुमच्या बाळूला ठाऊक असेल. तो जमावाबरोबर चार पावलं चालू शकतो. चावडीजवळ उभा राहून नुसता बघू शकतो. गुरुजींच्या मागच्या दाराची कडी त्याला माहीत आहे, ती काढू शकतो, आणि तरी उशीर झालेला असू शकतो. यातलं काहीही चालेल, फक्त त्यानं केलेलं किंवा न केलेलं त्याचं स्वतःचं असलं पाहिजे. मुंबईची गाडी तेव्हा पळून जाण्याची होईल, नाहीतर शिक्षेची होईल. आता ती फक्त शेवट आला म्हणून आलेली आहे.

आणि हे केलंत तर पहिल्या ठिकाणाचाही प्रश्न बराचसा सुटतो, कारण तेव्हा तुम्हाला कळेल की त्रेचाळीसमध्ये काय पेरायचं. भाकरी कुणासाठी, हे न विचारता आईचं ऐकणारा मुलगा, हद्दीच्या बांधावर बसून पोलिसांची वाट चुकवणारा मुलगा, ज्याला गप्प बसणं हीच देशसेवा म्हणून शिकवलं गेलं. तोच मुलगा पाच वर्षांनी गुरुजींच्या दारात गप्प उभा आहे. कादंबरी तुमच्याकडे आहेच, फक्त तिची दोन टोकं एकमेकांना दिसत नाहीत.

तर क्रम असा ठेवा. आधी शेवटचं प्रकरण लिहा. मग ती मधली चाळीस पानं, समासातल्या नोंदी करून. बाकीच्या भागाला सध्या हात लावू नका, सगळी पुन्हा लिहायची गरज नाही. तारखा सगळ्यात शेवटी, शिक्षकांनाच पुन्हा बसवून. त्यांना आनंद होईल आणि तुमचं काम चोख होईल.

दुसरा खर्डा या पाच जणांना लगेच देऊ नका. त्यांना जुनी कादंबरी आठवत राहील आणि ते फरक शोधत बसतील. एखादा वाचक जिल्ह्याबाहेरचा घ्या, नागपूर-अमरावतीकडचा मिळाला तर उत्तम, ज्याला प्रतिसरकार म्हणजे शाळेत वाचलेला एक परिच्छेद. त्याला कुठं समजलं नाही ते बघा. पण समजलं नाही म्हणाला की लगेच खुलासा घालू नका, आधी विचारा की तरीही पुढं वाचलं का. वाचलं असेल तर ती जागा तशीच राहू द्या. आणि कुणालाही ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर माणसं तुमच्याकडे बघून देतात. कागदाबरोबर पेन्सिल द्या. वाचताना जिथं पुस्तक खाली ठेवलं तिथं आडवी रेघ, एवढीच मागणी करा.

राहिल्या तुमच्या बायको. ‘छान आहे’ हे उत्तर तुम्ही निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलंत. त्यांना एवढंच विचारा की वाचताना त्यांनी त्यातलं काही कुणाला सांगितलं का. बहिणीला फोनवर, सासूबाईंना, कुणालाही. काय सांगितलं ते लिहून घ्या. मला वाटतं ते आईबद्दल असेल, कारण तुमच्या उताऱ्यांत आई जिथं जिथं येते तिथं वाक्यं आपोआप लहान नि बरी होतात. पण हा माझा अंदाज. विचारून बघा, आणि शेवटचं प्रकरण लिहून झालं की इथंच कळवा.